छातीवरचा तळहात

ताहिरभाईंचं नाव आधी घेतो. पुढं जे सांगणार आहे ते लॉ कॉलेजच्या वर्गातलं आहे, आणि त्या वर्गात ताहिरभाई कधी आले नाहीत. ठाण्यात ते कॉलेज नेमकं कुठं आहे हेही त्यांना ठाऊक नाही. उत्तर प्रदेशातल्या मऊकडचा विणकर माणूस, भिवंडीच्या साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, केस पिकवलेला, दोन्ही कानांनी जवळजवळ बहिरा. तरीही चार लोकांत उभं राहून मला आज बोलता येतं ते त्यांच्यामुळं. एवढं सांगून झालं की बाकीचं निवांत लिहिता येईल.

थंडी पडायला लागली की मला तो हंगाम आठवतो. भिवंडीची थंडी म्हणजे काय, आमच्या मेहकरकडची माणसं ऐकून हसतील. तिकडं या दिवसांत शेतात हरभऱ्याचा हुळा भाजतात, हातातोंडाला काळं लागतं, आणि पाठ गार पडली की माणूस फिरून शेकोटीकडं पाठ करून बसतो. इथं पहाटेचं नळाचं पाणी बोटांना जरा बोचतं, तेवढंच. पण कारखान्यातली रुई या दिवसांत वेगळी वागते. हवा कोरडी झाली की सुताचे तंतू हलके होतात, तरंगत राहतात, आणि मग भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर येऊन बसतात. पाळी सुटताना तरणी पोरंसुद्धा म्हातारी दिसतात. परवा चहाच्या टपरीवरच्या आरशात माझ्याच पांढऱ्या भुवया दिसल्या आणि दोन वर्षांपूर्वीची ती थंडी जशीच्या तशी अंगावर आली.

माझी शाळा आठवीत सुटली. त्यात विशेष काही नाही. वडील गेले, पुढची शाळा दूर होती, आणि चुलत्यांचा एक ओळखीचा भिवंडीत होता. कारखान्यात माणसाला गावाच्या नावानं हाक मारतात, म्हणून मी 'मेहकर' झालो. वानखडे हे आडनाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं. नंतर बाहेरूनच मॅट्रिक झालो, मग बी.ए. केलं तेही बाहेरून, म्हणजे पुस्तकं आणायची, वाचायची आणि परीक्षेला जाऊन बसायचं. वर्ग असा नाहीच. त्यामुळं लॉ कॉलेजात पहिल्यांदा बाकावर बसलो तेव्हा आठवीनंतर थेट तिथंच बसल्यासारखं वाटलं. मधली सगळी वर्षं मी कुणासमोर उभा राहून एक वाक्य बोललो नव्हतो.

वर्ग संध्याकाळचे. पाळी सुटायच्या बऱ्याच आधी मला निघावं लागायचं. शेठनं परवानगी दिली ती बोट वर करून. "एक साल. उसके बाद मेरे पास मत आना. और साचा बंद दिखा तो उसी दिन हिसाब." साचा बंद दिसायचा नसेल तर कुणीतरी माझे चारही साचे बघायला हवे होते. शेजारचे चार ताहिरभाईंचे. त्यांनी मान हलवली, बस. कोरड्या हवेत तार, म्हणजे सूत, जास्त तुटते. एका साच्याची तार जोडावी तो दुसऱ्यावर मागे-पुढे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपते. असे आठ साचे तो माणूस रोज संध्याकाळी एकट्यानं सांभाळायचा आणि मी एस.टी.च्या खिडकीत पुस्तक उघडून बसायचो. कशेळीच्या पुलावर गाडी आली की खाडीच्या चिखलाचा वास यायचा, खाली रेतीच्या होड्या दिसायच्या, आणि मी वाचलेलं पान परत पहिल्यापासून वाचायला लागायचो.

त्याचं कारण कर्णिक सर.

कर्णिक सर आम्हाला करारांचा कायदा शिकवायचे. उंच, किडकिडीत, कोटाच्या बाहीला कायम खडू लागलेला. शिकवायचे कमी, विचारायचे जास्त. यादीवर बोट फिरवायचे, कुठंतरी थांबायचे, आडनाव घ्यायचे आणि प्रश्न टाकायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून ठेवलं होतं, "इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा, मला चालेल. पण उभं राहून जो बोलत नाही, तो माझ्या लेखी वर्गात नाही. त्याची त्या दिवशीची हजेरी मी लावत नाही. उद्या कोर्टात तुम्ही नुसते हजर राहून अशिलाचा काय फायदा?"

हजेरी भरली नाही तर टर्म मिळायची नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, वर्ष गेलं. आणि शेठनं दुसरं वर्ष दिलंच नव्हतं. थोडक्यात काय, मी त्या वर्गात उभा राहून बोललो तर वकील होणार होतो, नाहीतर चार साच्यांचा मेहकर राहणार होतो. पाळ्यांच्या भानगडीत आधीच काही दिवस बुडले होते, त्यामुळं माझ्याकडं सोडायला फारसं काही उरलं नव्हतं.

पहिल्यांदा माझं नाव आलं तेव्हा प्रश्न सोपा होता. करारात मोबदला कशाला म्हणायचं. मला येत होतं. आदल्या दिवशी कांड्या बदलता बदलता घोकलं होतं. मी उभा राहिलो आणि उत्तर दिलं. सगळं दिलं, उदाहरणासकट. माझ्या डोक्यात ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटचा शब्द संपवून मी सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच पाहत होते, मान जराशी कलती करून.

"वानखडे, सुरू करताय ना?"

मला कळेचना. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, तोंड हलतंय त्याचं. बॅटरी उतरलीय वाटतं."

वर्ग हसला. तो बोलणारा भोईर, कशेळीचा, खाडीकाठी शेती-बागायत असलेल्या घरातला. तेव्हा मला माझा घसा जाणवला. तो कोरडा होता, जसा उठण्यापूर्वी होता तसाच. मी आवाज काढलाच नव्हता.

हे ज्यानं साच्यांवर काम केलं नाही त्याला पटायचं नाही. कारखान्यात आवाज काढून काही उपयोग नसतो. चाळीस साचे खडखडत असताना ओरडलात तर घसा जाईल, शेजाऱ्याला ऐकू जायचं नाही. म्हणून तिथं माणसं ओठांनी बोलतात. शब्द तोंडात पूर्ण घडवायचा, ओठ, जबडा, जीभ, सगळं नीट हलवायचं, फक्त हवा सोडायची नाही. समोरचा डोळ्यांनी ऐकतो. शिव्या, थट्टा, गावाकडची खबर, सगळं असंच चालतं. आणि मधेच कधी वीज गेली की एक गंमत होते. सगळे साचे एका दमात थांबतात, पट्टे फटफटत गार होतात, कानात शांतता अशी घुसते की दडे बसल्यासारखं वाटतं. आणि त्या शांततेत माणसं बोलतच असतात, बिनआवाजाची. कुणाच्या लक्षातच येत नाही की आता आवाज काढला तरी चालेल. चांगला वेळ जातो, मग कुणीतरी खाकरतं आणि मग हळूहळू सगळ्यांना कंठ फुटतो.

भीती वाटली की माणूस सवयीकडं पळतो. मी वर्गात कारखान्यातला माणूस झालो होतो. सरांनी माझ्या नावापुढं रेघ ओढली ती मला तिसऱ्या बाकावरून दिसली.

दुसऱ्या वेळी मी ठरवूनच उठलो. आवाज काढायचा. विचारलं होतं, सज्ञान नसलेल्या मुलानं करार केला तर तो टिकतो का. मी छाती भरून सांगितलं, "टिकत नाही." असं सांगितलं की पुढच्या बाकावरची मुलगी दचकून मागं वळली आणि शेजारच्या वर्गातले सर दारात डोकावून गेले.

कर्णिक सर शांतपणे म्हणाले, "वानखडे, मी बहिरा नाही."

पुन्हा हशा. सर हसले नाहीत. "टिकत नाही, बरोबर. का टिकत नाही? नुसतं टिकत नाही हे उत्तर झालं नाही."

का ते मला ठाऊक होतं. पण एका वाक्यातच सगळा दम संपला होता. घसा खरवडला, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उभाच राहिलो. सरांनी चष्मा काढून पुसला. "बसा. हे बघा, पुढच्या वेळीही असंच झालं तर मी टर्मवर सही करू शकणार नाही. मला वाईट वाटेल, पण करणार नाही." ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते खरंच वाईट वाटून म्हणाले.

परतीच्या गाडीत मी मेहकरचा विचार करत होतो. गावी परत जाऊन काय करता येईल, आईला काय सांगता येईल. आईला लॉ कॉलेज म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. पोरगा कोर्टाचं शिकतोय एवढंच ती सांगायची सगळ्यांना. तेवढं तरी तिला कशाला सांगितलं असं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी साच्यावर ताहिरभाईंनी माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि ओठांनी विचारलं, "क्या हुआ? कोई मर गया?"

मी ओठांनीच म्हणालो, "मैं ही."

"तो फिर तार कौन जोड़ेगा? वो देख." माझ्या साच्यावरची तार खरोखरच तुटली होती.

भिवंडीत शुक्रवारी साचे बंद असतात. त्या शुक्रवारी नमाज आणि जेवण झाल्यावर ते माझ्या खोलीवर आले आणि मला घेऊन कामवारी नदीच्या काठाकडं निघाले. वाटेत पूर्णा गावाकडून येणाऱ्या बैलगाड्या लागल्या, नव्या पेंढ्यानं इतक्या भरलेल्या की बैल आणि गाडीवान दोन्ही झाकून गेलेले, नुसता पिवळा ढीग चालत आल्यासारखा. भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांत. पेंढ्याचा तो गोडसर, धुळकट वास अजून कुठं आला की मला पाठीवर कुणीतरी थाप मारल्यासारखं होतं.

नदीला पाणी बेताचं होतं. पलीकडं बाया गोधड्या धूत होत्या. ताहिरभाई एका दगडावर बसले, बिडी पेटवली, आणि मला समोर उभं केलं.

"बोल. जो वहाँ बोलना था, वो बोल."

मी बोललो. मोबदल्याचं सगळं उत्तर, उदाहरणासकट. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. संपल्यावर म्हणाले, "मेरे को तो समझा. कुछ लिया, कुछ दिया, तब सौदा पक्का. यही ना?"

"हां."

"तेरे मास्टर को काय को नहीं समझा?"

मी सांगितलं, आवाजच निघाला नाही म्हणून. ते मनापासून हसले. बहिऱ्या माणसाचं हसणं वेगळं असतं, त्याला स्वतःला ते ऐकू येत नाही म्हणून त्यात दिखाऊपणा नसतो. मग बिडी दगडावर विझवली, उठले, आणि त्यांनी उजवा तळहात माझ्या छातीवर ठेवला, गळ्याच्या जरा खाली, हाडावर. "अब बोल."

ही त्यांची साच्यांवरची सवय होती. कान गेल्यापासून ते साच्याच्या चौकटीवर तळहात ठेवूनच सांगायचे, कुठं काय ढिलं झालंय. तोच हात आता माझ्यावर होता. मी पहिलं वाक्य म्हटलं.

"बंद है," ते म्हणाले. "कुछ नहीं चल रहा अंदर."

मी जोरात म्हटलं. त्यांनी चटका बसल्यासारखा हात उचलला. "अब गरम हो गया. इतने में धोटा उड़ेगा, किसी की आँख फोड़ेगा."

मग कितीतरी वेळ तेच. हळू, जोरात, पुन्हा हळू. पलीकडच्या बाया धुणं थांबवून बघायला लागल्या. एक दुसरीला म्हणाली, "यो काय करतंय गो?" दुसरी म्हणाली, "म्हातारा दाक्तर हाय वाटतं. त्याच्या छातीन् काय तरी हाय." मला लाज वाटत होती. ताहिरभाईंना ऐकूच जात नव्हतं, त्यामुळं त्यांना लाजेचं कारण नव्हतं.

आणि मग एका वाक्याला त्यांचे डोळे बारीक झाले. "हां. ये. इसी पे रख." तळहाताखाली मलाही ते जाणवलं. छातीचं हाड अगदी बारीक थरथरत होतं, एकसारखं, कुठं धक्का नाही. मी बोलत राहिलो आणि ते थरथरत राहिलं. लहानपणी खोकला झाला की आई अशीच छातीवर हात ठेवून झोपायची. त्यानंतर एवढ्या वर्षांत तिथं कुणी हात ठेवला नव्हता. परमुलखात माणसाला पुष्कळ गोष्टी मिळतात, पगार मिळतो, चहा उधार मिळतो, पण हे मिळत नाही. मला एकदम भरून आलं, आणि ताहिरभाई म्हणाले, "अब क्यों हिल रहा? तार टूटी क्या?"

त्यानंतरचे शुक्रवार असेच गेले. हळूहळू माझ्या लक्षात आलं, ते आवाजापुरतं थांबत नव्हतं. मी खाली बघून बोललो की ते म्हणायचे, "ऊपर. मेरे को मुँह नहीं दिखता." वाक्य लांबलं की त्यांचा धागा सुटायचा आणि ते मधेच थांबवायचे, "रुक. माल किसका था? किसने किसको दिया?" म्हणजे मला आधी माणसं सांगावी लागायची, मग काय घडलं ते, मग भांडण कशाचं ते. एका वेळी एक. त्यांचा चेहरा हलला की पुढचं. कायदा त्यांना कळत होता असं मी म्हणणार नाही, त्यात त्यांना काडीचा रस नव्हता. एकदा मी फार बारकाव्यात शिरलो तेव्हा ते सरळ म्हणाले, "नींद आती है. दूसरा बोल." पण ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाचं लक्ष धरून ठेवायचं तर काय करावं लागतं, ते मी त्या काठावर शिकलो.

वर्गात तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा थंडी ऐन भरात होती. ठाण्यात लोकांनी कानाला मफलर गुंडाळले होते. सरांचं बोट यादीवरून खाली येत होतं आणि मला ते माझ्याकडंच येणार हे कसं कोण जाणे, आधीच कळलं होतं.

"वानखडे. एका शिंप्याकडं गिऱ्हाईकानं कापड शिवायला दिलं. रात्रीत ओढ्याला पाणी चढलं. शिंप्यानं आपलं मशीन उचलून माडीवर नेलं. कापड खाली राहिलं, खराब झालं. गिऱ्हाईक भरपाई मागतं. मिळेल?"

मी उठलो. मागं भोईर खुसखुसला, ते ऐकू आलं. मी वर पाहिलं. पुढं कुणी बहिरा बसलाय असं धरलं आणि त्याला माझं तोंड दिसावं म्हणून मान सरळ केली. पहिला शब्द निघाला तेव्हा छातीच्या हाडावर ते थरथरणं लागलं. हात कुणाचाच नव्हता, पण लागलं.

"सर, कापड गिऱ्हाईकाचं. ठेवलं शिंप्याकडं. शिंपी त्या कापडाचा मालक नाही, पण ते त्याच्या हवाली आहे." मी थांबलो. "अशा वेळी शहाणा माणूस आपल्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी त्यानं घ्यायची. त्याहून जास्त कायदा मागत नाही. कमी चालत नाही."

"मग झालं," सर म्हणाले. "आपलं मशीन वाचवलं, दुसऱ्याचं कापड बुडवलं. शिंपी दोषी."

मी पटकन हो म्हणावं म्हणून त्यांनी ते टाकलं होतं. आधीचा मी असतो तर, सुटका झाली म्हणून, हो म्हटलं असतं.

"तेवढ्यावरून सांगता येणार नाही, सर. मशीन त्याचं पोट आहे. ते आधी उचललं यात चूक धरता येत नाही. विचारायचं ते पुढचं. मशीन ठेवून तो परत खाली आला का? यायला वेळ होता का? पाणी गुडघ्याला होतं आणि तो माडीवर बसून राहिला, तर दोषी. जिना बुडाला होता, तर नाही. आणि कापड स्वतःचं असतं तर तो खाली उतरला असता का, हे बघायचं."

"ते कसं बघणार? त्याच्या मनात कोण शिरणार?"

"मनात शिरायचं नाही, सर. त्याच्या जागी दुसरा शहाणा शिंपी उभा करायचा. तो उतरला असता का एवढंच विचारायचं."

सर खडू बोटात फिरवत राहिले. मग आणखी विचारलं, गिऱ्हाईकानं कापड न्यायला उशीर केला असता तर? मी सांगितलं. शिंप्यानं कापड दुसऱ्या शिंप्याकडं सोपवलं असतं तर? तिथं मी अडखळलो, आणि अडखळलो तेही आवाजानंच. "हे मला नक्की सांगता येत नाही, सर," असं म्हणालो, आणि ते मला वर्गभर स्वच्छ ऐकू गेलं. न येणारं उत्तरसुद्धा असं सांगता येतं हे त्या दिवशी कळलं.

"बसा," सर म्हणाले. "हे शेवटचं मलाही वाचून सांगावं लागेल." आणि यादीवर काहीतरी लिहिलं. या वेळी रेघ नव्हती.

उत्तर देताना एक गोष्ट डोक्यात येऊन गेली होती, ती मी वर्गात बोललो नाही. मी शिंप्याचं सांगत होतो त्या क्षणी भिवंडीत एक माणूस आठ साच्यांमधून फिरत होता, त्यातले चार त्याचे नव्हते. त्यानं किती काळजी घ्यावी असं कुठल्या कलमात लिहिलेलं नव्हतं. माझ्या साच्यांवरचं कापड कधी खराब निघालं नाही. त्यांच्या स्वतःच्या साच्यांवरचं निघालं, दोनदा, आणि शेठची बोलणी त्यांनी खाल्ली. मला ते फार उशिरा दुसऱ्याकडून कळलं.

वर्ग सुटल्यावर भोईर बाहेर फटफटीपाशी उभा होता. "ए वऱ्हाडी, बस मागं. कशेळीपर्यंत सोडतो, तिथून गाडी पकड." मी बसलो. वाऱ्यानं बोलता येत नव्हतं. पुलावर त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली होड्यांवर चुली पेटल्या होत्या, कुणीतरी मासळी भाजत होतं. तो म्हणाला, "बॅटरीचं मनावर घेतलं न्हाय ना? मला काय ठावं तू साच्यावर हाय ते. आता पोरांनी सांगितलं."

"घेतलं होतं," मी म्हणालो.

"घेयाचंच. मी बी घेतलं असतं." मग, "ते शिंप्याचं मला परत एकदा सांग. आमच्या काकाचं असंच एक लफडं हाय, गवताच्या गठड्यांचं."

मी त्याला पुलावर उभ्या उभ्या सांगितलं. कुणीतरी आपल्याला काही विचारतं आणि आपण सांगतो, यातलं सुख मी तोवर चाखलं नव्हतं.

सकाळी साच्यावर ताहिरभाईंनी भुवया उडवल्या. मी ओठांनी म्हणालो, "बोला. पूरा बोला." ते तार जोडत होते. ती जोडून, साचा चालू करून, मग त्यांनी मान हलवली आणि ओठांनी विचारलं, "मुँह ऊपर था?"

टर्म मिळाली. शेठनं पुढं आणखी एक वर्ष दिलं, मग तिसरंही दिलं. पोरगं नापास होत नाही हे त्याला बाजारात सांगायला बरं वाटायला लागलं होतं. कर्णिक सर अजून नाव पुकारतात आणि मी अजून घाबरतो. घाबरणं काही गेलेलं नाही. पण आता घाबरूनही बोलता येतं.

हे सगळं आठवायचं कारण फक्त रुई नाही. या थंडीत ताहिरभाईंवर एक प्रसंग आला. ते ज्या चाळीत राहतात तिच्या मालकानं खोली खाली करून मागितली, दावा लावला. तारीख होती. मला बोलले नाहीत, माझी पाळी बुडेल म्हणून. एकटेच गेले, धुतलेला कुर्ता घालून, सकाळपासून कोर्टात बसले. न्यायाधीश नाव घेतील असं त्यांना वाटलं होतं, म्हणून दिवसभर त्यांनी न्यायाधीशांच्या तोंडावरची नजर हटवली नाही. नावाचा पुकारा शिपायानं रीतसर केला, दारात उभं राहून, त्यांच्या पाठीमागून. कुणी उठलं नाही. त्यांना गैरहजर धरलं आणि निकाल मालकाच्या बाजूनं गेला.

"मैं तो वहीच बैठा था," ते मला नंतर म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. त्यांना खरंच कळत नव्हतं की हे कसं झालं.

मला कळत होतं. मग कर्णिक सरांकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, अर्ज कसा करायचा ते सांगितलं, आणि त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडं पाठवलं जो भिवंडीतच वकिली करतो. अर्ज झाला, कारण पटलं, दावा पुन्हा उघडला. पुढची तारीख होळीनंतरची आहे. खोली राहील का जाईल, सांगता येत नाही. निदान त्यांचं ऐकलं तरी जाईल.

परवा मी त्यांना म्हणालो, "ताहिरभाई, ये सब मैं कैसे चुकाऊँगा?" त्यांनी ओठ वाचले, मग मुद्दाम न समजल्यासारखं केलं. मी परत विचारलं. "पहले पास तो हो," ते म्हणाले, आणि साच्याकडं वळले.

होईन. परीक्षा उन्हाळ्यात आहे, सनद त्यानंतर. तोवर तारखेच्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसणार आहे, दाराकडं कान लावून, आणि पुकारा झाला की त्यांच्या खांद्याला हात लावणार आहे. सनद मिळाल्यावर मात्र शेजारी बसणार नाही. एक ना एक दिवस त्यांच्यासाठी मी स्वतः उभा राहीन. तेव्हा थोडा तिरपा उभा राहीन, न्यायाधीशांना माझं बोलणं ऐकू जाईल आणि ताहिरभाईंना ते दिसेल असा. उतराई व्हायचा मला एवढाच एक मार्ग ठाऊक आहे. वेळ लागेल, पण ते मी करणार आहे.